जुन्या फँटसी रोल-प्लेइंग कार्ट्रिजमधला सेव्ह वारंवार पुसला जातो तेव्हा

लक्षणे

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : गेम सुरू होतो, पण सेव्ह (म्हणजे पुढे खेळण्यासाठी जपून ठेवलेली प्रगती) गेला. या एका वाक्याआड निदान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. ते वेगळे ओळखले नाहीत, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत होते. म्हणून कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी, उघडण्याआधी नेमके काय दिसते, हे दोन-तीन वेळा पाहून कागदावर लिहून काढावे.

पहिल्या प्रकारात सेव्हच्या सर्व जागा एकदम रिकाम्या दिसतात. खेळताना सेव्ह होतो, रीसेट बटण दाबल्यावर तो दिसतोही, पण रात्रभर यंत्र बंद ठेवले की सकाळी काहीही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात तीन जागांपैकी एकच पुसली जाते आणि बाकीच्या दोन शाबूत राहतात. तिसऱ्या प्रकारात सेव्ह उघडतो, पण पात्राच्या नावात भलतीच चिन्हे दिसतात, सोन्याच्या नाण्यांचा आकडा अशक्य झालेला असतो किंवा चेटक्याच्या हाती त्याला कधीच न पेलणारी तलवार आलेली असते. चौथ्या प्रकारात सेव्ह आज दिसतो, उद्या दिसत नाही आणि कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यावर परत येतो. पाचवा प्रकार सर्वांत चिडवणारा आहे : कुणीतरी कार्ट्रिजमधला, सेव्ह जपणारा सेल बदललेला असतो, काही महिने सारे सुरळीत चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे लेखन टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या फँटसी खेळांवरून आलेल्या जुन्या कार्ट्रिजांपुरते आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हा पात्राची सारी मिळकत, म्हणजे बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि प्रभाव यांचे आकडे, एका कागदावर पेन्सिलीने लिहिलेली असे. त्यावर आधारलेला ‘पूल ऑफ रेडियन्स’ १९८८ साली संगणकावर आला, तेव्हा ती फ्लॉपीवर गेली. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी अमेरिकेत १९९२ साली आलेल्या त्याच्या आवृत्तीत ती एका छोट्या मेमरी चिपमध्ये आणि तिला जागे ठेवणाऱ्या नाण्याएवढ्या सेलवर येऊन ठेपली. सेगाच्या यंत्रावरचा ‘वॉरियर्स ऑफ द इटर्नल सन’ किंवा सुपर निन्टेन्डोवरचा ‘आय ऑफ द बिहोल्डर’ यांचीही तीच कथा आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा थेट परवाना नसलेले, पण त्याच कुळातले ‘फायनल फँटसी’सारखे गेमही यातच येतात. उड्या मारण्याच्या गेममध्ये सेव्ह गेला तर तासाभराचे नुकसान होते. इथे चाळीस-पन्नास तासांची मोहीम जाते, म्हणून ही तक्रार याच गेमच्या बाबतीत सर्वाधिक ऐकू येते.

सर्वांत आधी काय करू नये

सेव्ह दिसला नाही म्हणून लगेच नवा खेळ सुरू करू नये आणि ‘पुसा’ किंवा ‘नवे पात्र’ असा कोणताही पर्याय निवडू नये. अनेक गेम सेव्हसोबत एक पडताळणीची बेरीज लिहून ठेवतात. वाचताना ती बेरीज जुळली नाही, तर सारी माहिती चिपमध्ये असूनही ती जागा रिकामी दाखवली जाते. एक बिट चुकला तरी बेरीज चुकते, आणि संपर्क मळलेला असेल तर नेमके हेच घडते. अशा वेळी माहिती जिवंत असते. तिच्यावर नवा खेळ लिहिणारे आपणच असतो. काही गेम मात्र बेरीज चुकताच ती जागा आपणहून साफ करतात, त्यामुळे शंका असताना यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसणेही योग्य नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सेव्ह अजून दिसत असेल, तर प्रत्येक पात्राच्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. मी दुरुस्त केलेल्या पहिल्याच कार्ट्रिजचा सेल न विचारता काढला होता, आणि त्यातले पथक गुहेच्या शेवटच्या मजल्यावर उभे होते, हे मला मालकाचा चेहरा पाहिल्यावर कळले. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी स्क्रूलाही हात लावत नाही.

पहिली तपासणी : कार्ट्रिजमध्ये सेल आहे का, आणि सेव्ह मुळात कुठे होतो

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही ती सर्रास टाळली जाते. सगळ्याच जुन्या रोल-प्लेइंग गेममध्ये सेल नसतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली जपानमध्ये आला तेव्हा तो खेळाडूला एक लांबलचक सांकेतिक शब्दमाला देत असे. तोच गेम १९८९ साली ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने अमेरिकेत आला, तेव्हा त्यात सेल बसवण्यात आला. म्हणजे एकाच गेमच्या दोन आवृत्त्यांमध्ये जतन करण्याची पद्धत वेगळी असू शकते. आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हे न पाहता नसलेला सेल शोधण्यात अर्थ नाही.

त्यानंतर कार्ट्रिज कोणत्या यंत्रावर चालते ते पाहावे. आजकालची काही नवी यंत्रे जुने कार्ट्रिज थेट चालवत नाहीत. त्यातला गेम स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतात आणि सेव्हही स्वतःपाशी ठेवतात. असा सेव्ह कार्ट्रिजमध्ये परत लिहायचा असेल, तर यंत्राच्या मेन्यूतून तसे सांगावे लागते. अशा यंत्रावर आठवडाभर खेळून मग तेच कार्ट्रिज मूळ यंत्रावर लावले की सेव्ह ‘गेलेला’ दिसतो. तो गेलेला नसतो, दुसरीकडे असतो. मेमरी कार्डावर अनेक गेम ठेवणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजांच्या काही जुन्या नमुन्यांमध्येही यंत्र बंद करण्याआधी रीसेट दाबल्याशिवाय सेव्ह कार्डावर लिहिला जात नाही. तसा नमुना असेल तर माहितीपत्रक वाचणे हीच दुरुस्ती.

दुसरी तपासणी : यंत्र बंद करण्याची सवय

निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्रावर रीसेट बटण दाबून धरून मग पॉवरचे बटण बंद करायचे असते. ‘फायनल फँटसी’मध्ये तर सरायीत मुक्काम करून सेव्ह केल्यावर पडद्यावर तशी सूचनाच येते, पण ती वाचून विसरण्यासाठीच असते असा बहुतेकांचा समज दिसतो. कारण समजले की सवय लागते. वीज बंद होते तेव्हा ती क्षणात शून्यावर येत नाही, उतरत जाते. या उतरत्या काळात प्रोसेसर भरकटतो आणि हाताला येईल त्या पत्त्यावर काहीही लिहू शकतो. तो पत्ता सेव्हच्या चिपचा निघाला, तर एखादी जागा नासते. रीसेट दाबून धरल्यावर प्रोसेसर थांबलेला राहतो, म्हणून तो काही लिहू शकत नाही.

तीनपैकी एकच सेव्ह गेला असेल किंवा आकडे वेडेवाकडे झाले असतील, तर मी आधी याच कारणाचा संशय घेतो. सेल संपला की तो जागा निवडून पुसत नाही, सगळ्याच जातात. सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजांमध्ये विजेचा दाब उतरताच मेमरीला कुलूप लावणारी वेगळी व्यवस्था असते, त्यामुळे तिथे रीसेट धरण्याची गरज नसते. मात्र यंत्र चालू असताना कार्ट्रिज उपसणे हे कोणत्याही यंत्रावर घातकच आहे.

तिसरी तपासणी : तीन टप्प्यांची सेव्ह-चाचणी

या तपासणीला फक्त वेळ लागतो, पण मला विचाराल तर निम्मे निदान इथेच होते. आधीचा सेव्ह मोलाचा नसेल किंवा आधीच गेला असेल, तरच ती करावी.

नवे पात्र तयार करून सेव्ह करावे आणि वीज बंद न करता फक्त रीसेट दाबावा. सेव्ह लगेच नाहीसा झाला, तर सेलचा काहीही दोष नाही, कारण यंत्र चालू असताना चिपला वीज यंत्राकडूनच मिळत असते. अशा वेळी संपर्क मळलेले असतात किंवा मेमरी चिपच बिघडलेली असते. सेव्ह टिकला तर यंत्र वर सांगितलेल्या पद्धतीने बंद करावे, कार्ट्रिज काढून बाजूला ठेवावे आणि किमान एका तासाने लावून पाहावे. त्यानंतर तेच पूर्ण एक रात्र ठेवून पाहावे.

तासाभराचा आग्रह मी का धरतो, हे सांगायला हवे. सेल पूर्ण मेलेला असला तरी आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) थोडी वीज उरलेली असते आणि चिप तेवढ्यावर काही सेकंद, क्वचित काही मिनिटे तग धरते. दहा सेकंद बंद करून पुन्हा चालू केलेल्या यंत्रावर सेव्ह दिसला म्हणून सेल ठणठणीत आहे असा निष्कर्ष काढणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. वापरलेले कार्ट्रिज विकताना ‘सेव्ह होतो, तपासले आहे’ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो.

तासाभरात गेला तर सेल मेलेला आहे किंवा त्याचा मार्ग तुटलेला आहे. रात्रभर टिकला आणि आठवड्याने गेला तर सेल शेवटच्या घटका मोजतो आहे.

चौथी तपासणी : संपर्क

कार्ट्रिजच्या खालच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्या नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाच्या काडीने दोन्ही बाजूंनी पुसाव्यात. काडी काळी होत राहील. ती स्वच्छ निघेपर्यंत नवी काडी घेत जावे आणि शेवटी पट्ट्या पूर्ण वाळू द्याव्यात. सेव्हच्या चिपकडे जाणाऱ्या तारा याच पट्ट्यांमधून जातात. त्यातली एक जरी नीट टेकत नसेल, तरी गेम चालतो आणि सेव्ह मात्र चुकीचा वाचला जातो. दिसणारा-न दिसणारा सेव्ह हे लक्षण बहुधा इथलेच असते.

फुंकर मारण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. फुंकरीने काम झाल्यासारखे वाटते, कारण कार्ट्रिज काढून पुन्हा बसवले जाते. फुंकरीतला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहून पुढे गंज धरतो. सँडपेपर किंवा भांडी घासण्याची चोथणीही नको. सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

पट्ट्या स्वच्छ करूनही फरक पडला नाही, तर सेव्ह होणारे दुसरे कार्ट्रिज याच यंत्रावर आणि हेच कार्ट्रिज दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावे. आठ-बिट निन्टेन्डोच्या मूळ यंत्रातला ७२ पिनांचा जोड वर्षांनुवर्षांच्या वापराने सैल पडतो. मग कार्ट्रिज अस्सल आहे का ते तपासणारी यंत्रातली कुलूप-चिप कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी बोलू शकत नाही आणि यंत्र साधारण सेकंदाला एकदा स्वतःला रीसेट करत राहते. पॉवरचा दिवा लुकलुकत असेल तर दोष यंत्राच्या जोडाकडे शोधावा आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्रात मोलाचा सेव्ह असलेले कार्ट्रिज घालू नये.

पाचवी तपासणी : सेव्हची प्रत काढून ठेवणे

याच्या पुढे कार्ट्रिज उघडावे लागते, म्हणून हा टप्पा मध्येच घेतला आहे. संगणकाला जोडता येणारे कार्ट्रिज-वाचक मिळतात. एक कार्ट्रिज दुरुस्त करण्यासाठी ते विकत घेणे कदाचित जड वाटेल, पण संग्रह करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे ते हमखास सापडते. सेव्ह दोनदा वाचावा आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का, ते ताडून पाहावे. सारख्या नसतील तर संपर्क अजून मळलेले आहेत. चौथ्या तपासणीकडे परत जावे.

आठ-बिट निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिजांची सेव्ह-फाइल ८ किलोबाइटांची, म्हणजे ८,१९२ बाइटांची असते. एवढ्याशा जागेत सारे पथक, त्यांची शस्त्रे, जादूचे मंत्र आणि कोणते दार उघडले याची नोंद मावते, याचे मला अजूनही नवल वाटते. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकड्याने भरलेली असेल तर तीत वाचवण्याजोगे काही नाही. वेगवेगळे आकडे दिसत असतील तर ती फाइल संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून पात्रे जागेवर आहेत का ते पाहावे. प्रत हाती आल्यावर सेल बदलण्यातली भीती उरत नाही, कारण काम झाल्यावर तीच फाइल परत लिहिता येते.

यंत्र चालू ठेवून, त्याच्या विजेवर चिप जिवंत ठेवत सेल बदलण्याची एक युक्ती सांगितली जाते. ती मी दोनदा केली आहे. एकदा जमली, दुसऱ्यांदा सोल्डरिंग गनचे टोक शेजारच्या सोल्डरच्या टाक्याला लागले आणि सेव्ह तर गेलाच, वर चिपही गेली. मी ती सुचवत नाही.

सहावी तपासणी : सेलचा दाब

निन्टेन्डो आणि सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजांचे स्क्रू साध्या पेचकसाने उघडत नाहीत. त्यांना गेमबिट नावाचे ३.८ मिलिमीटरचे खास टोक लागते. प्लॅस्टिकचे पेन वितळवून त्याचा साचा करण्याचा उपाय करू नये. वितळलेले प्लॅस्टिक स्क्रूच्या खाचेत अडकले की मग तो स्क्रू कोणत्याच हत्याराला दाद देत नाही.

आत सीआर२०३२ प्रकारचा सेल बहुतेक वेळा दिसतो : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी आणि ३ व्होल्ट दाब. क्वचित लहान आकाराचा सेल असतो, म्हणून त्यावरचे अक्षर वाचूनच नवा आणावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक वरच्या पत्र्याला आणि दुसरे खालच्या पत्र्याला लावावे. ३ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर सेल चांगला आहे. २.५ च्या खाली असेल तर तो बदलायलाच हवा, कारण मेमरी चिपला माहिती धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट लागतात आणि वाटेतला डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) थोडा दाब खातो. यांच्या मधला आकडा फसवा असतो. हा सेल आयुष्यातला बराच काळ जवळजवळ एकाच दाबावर राहतो आणि अखेरीस झपाट्याने कोसळतो. त्यामुळे तीस वर्षांच्या सेलवर २.८ दिसले तर समाधान मानू नये. उतार सुरू झाला आहे असे समजावे.

सेल चांगला असूनही सेव्ह टिकत नसेल तर दाब चिपपर्यंत पोहोचतो का, हे पाहावे लागते. सेव्हची चिप २८ पायांची असेल तर बहुधा २८ क्रमांकाचा पाय विजेचा आणि १४ क्रमांकाचा जमिनीचा (ग्राउंड) असतो. अर्धगोल खाच वर ठेवल्यावर डावीकडचा सर्वांत वरचा पाय पहिला, डावीकडचा सर्वांत खालचा चौदावा आणि उजवीकडचा सर्वांत वरचा अठ्ठाविसावा. कार्ट्रिज यंत्राबाहेर असताना या दोन पायांमध्ये सेलच्या दाबापेक्षा किंचित कमी दाब मिळायला हवा. सेलवर ३.१ आणि चिपवर दीड असेल, तर मधला डायोड, रेझिस्टर किंवा एखादा तडकलेला टाका दोषी आहे. मीटरचे टोक घसरून दोन पाय जोडले गेले तर माहिती तत्क्षणी पुसली जाते, म्हणून हे काम प्रत काढल्यानंतरच करावे.

सातवी तपासणी : सेल बदलणे

मूळ सेलच्या पत्र्याच्या पट्ट्या त्याला बिंदू-वेल्डिंगने जोडलेल्या असतात. नवा सेलही तशाच पट्ट्या आधीच जोडलेला घ्यावा. साध्या सेलवर थेट डाख देऊ नये : आत लिथियम असते आणि उष्णतेने सेल फुगून फुटू शकतो. जुन्या पट्ट्यांखाली नवा सेल सरकवून वरून चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धतही मी सारखी पाहतो. चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्या-पावसाळ्यात सैल होतो, सेल कणभर सरकतो आणि कार्ट्रिज टेबलावर ठेवताना बसलेल्या धक्क्याने साठ तासांचा खेळ जातो. पाचव्या प्रकारची निम्मी कार्ट्रिजे उघडल्यावर आत हीच चिकटपट्टी निघते.

जुना सेल काढण्याआधी अधिक बाजू कुठे आहे, याचे छायाचित्र घ्यावे. टाका वितळवून पट्टी अलगद उचलावी. ओढू नये, कारण पट्टीसोबत पाटीवरचे तांबे उखडते. भोक स्वच्छ करून नवा सेल त्याच दिशेने बसवावा आणि सोल्डरिंगचा चिकट राळेचा थर अल्कोहोलाने पुसून टाकावा. सेलची बैठक बसवायची असेल तर ती बुटकी घ्यावी आणि कवच मिटते का ते आधी पाहावे. पुन्हा पुन्हा चार्ज होणारा त्याच आकाराचा सेल बसवू नये. त्याचा दाब जास्त असतो आणि पाटीवर त्याला चार्ज करणारी व्यवस्थाच नसते.

आठवी तपासणी : नवा सेल महिन्यांत का संपतो

हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो, कारण इथे साधा भागाकार उपयोगी पडतो. सीआर२०३२ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. चिप एक मायक्रोअँपिअर खात असेल तर हिशेबाने २,२०,००० तास, म्हणजे पंचवीस वर्षे मिळतात. जुन्या कार्ट्रिजांचे मूळ सेल इतकी वर्षे का टिकले, हे त्यातून कळते. हाच प्रवाह दहा मायक्रोअँपिअर झाला तर अडीच वर्षे, आणि शंभर झाला तर जेमतेम तीन महिने. नवा सेल तीन-चार महिन्यांत संपत असेल तर सेल खराब निघाला असे म्हणत दुसरा बसवणे व्यर्थ आहे. वीज कुठेतरी झिरपते आहे.

अनेक पाट्यांवर सेलच्या मार्गात एक रेझिस्टर असतो. तो एक किलोओहमचा असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्टमध्ये मिळणारा आकडा हाच मायक्रोअँपिअरमधला प्रवाह, इतके सोपे गणित आहे. दोन-तीन मिलिव्होल्ट ठीक. पन्नास दिसले तर आधी पाटी पुन्हा अल्कोहोलाने धुवावी, कारण आधीच्या माणसाने न पुसलेली राळ किंवा जुन्या सेलचा झिरपलेला द्रव वीज वाहू देतो. एका कार्ट्रिजमध्ये एवढ्या धुण्याने आकडा ऐंशीवरून दोनवर आलेला मी पाहिला आहे. धुऊनही उतरला नाही तर डायोड, कपॅसिटर किंवा खुद्द मेमरी चिप गळते आहे. नकली कार्ट्रिजांमध्ये काही वेळा डायोडच नसतो आणि खेळताना यंत्राचे पाच व्होल्ट सरळ सेलमध्ये शिरतात. चार्ज न होणाऱ्या सेलवर असा दाब देणे धोक्याचे आहे. असे कार्ट्रिज वापरूच नये.

कुठे थांबावे

सेल फुगलेला असेल किंवा पाटीवर हिरवा-पांढरा थर पसरून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील, तर पुढचे काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचे आहे. टाका काढताना तांबे उखडले, रीसेटनंतरही सेव्ह टिकत नाही आणि संपर्क स्वच्छ आहेत, किंवा गळती धुऊनही थांबत नाही, तरीही थांबावे : २८ पायांची चिप पाटी न जाळता उतरवणे हे सोल्डरिंगचा पहिला धडा नव्हे. आयुष्यात कधीच सोल्डरिंग केले नसेल, तर सातव्या तपासणीआधीच थांबावे आणि आधी एखाद्या टाकाऊ पाटीवर हात बसवावा. यंत्राचा विजेचा अडॅप्टर उघडण्याची वेळ आली असे वाटले, तर तो उघडू नये, बदलून घ्यावा.

सेव्ह अजून जिवंत आहे, तो अमूल्य आहे आणि कार्ट्रिज-वाचक मिळत नाही, अशा वेळी स्वतः काहीही न करता कार्ट्रिज वाचक असणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे, आणि देताना ‘आधी सेव्हची प्रत, मग सेल’ असे लेखी सांगावे. न सांगितल्यास बहुतेक दुरुस्ती करणारे सेल सरळ काढून मोकळे होतात.

कॅपकॉमच्या ‘टॉवर ऑफ डूम’ (१९९३) आणि ‘शॅडो ओव्हर मिस्टारा’ (१९९६) या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या) यंत्रांच्या मूळ पाट्यांना तर वरचा क्रम लावूच नये. तिथला सेल सेव्ह नव्हे, गेमचा सांकेतिक कोड उलगडणारी किल्ली जपून ठेवतो. तो संपला किंवा चुकून निघाला की किल्ली पुसली जाते आणि गेम सुरूच होत नाही. पडदा एकाच रंगाचा राहतो. ती पाटी पुन्हा जिवंत करता येते, पण ते त्या पाटीवर काम केलेल्या माणसाचेच काम आहे.

काढलेला सेल टेबलावर सोडू नये. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर तिसरी तपासणी पुन्हा पूर्ण करावी : रीसेट, एक तास, एक रात्र. त्यातून पार पडल्यावरच जपलेली सेव्ह-फाइल परत लिहावी आणि प्रत्येक पात्राचे आकडे सुरुवातीला काढलेल्या छायाचित्राशी ताडून पाहावेत. कवच मिटण्याआधी मी सेल बदलल्याचा महिना, वर्ष आणि रेझिस्टरवर मिळालेला मिलिव्होल्टचा आकडा एका कागदी चिठ्ठीवर लिहून आतल्या बाजूला चिकटवतो. पुढच्या वेळी ते कार्ट्रिज उघडणाऱ्याला, तो मी असो वा दुसरा कुणी, गळती वाढली की नाही हे पहिल्याच मोजमापात कळते.